गोल्फ गेमच्या ऑनलाइन स्पर्धा: सात महिने खेळून झाल्यावर

नोव्हेंबरात हा गेम फोनवर घेतला तेव्हा खरं गोल्फ मी जवळून कधी पाहिलं नव्हतं. काणकोणला राजबागेत हॉटेलचं नऊ होलचं मैदान आहे हे ऐकून माहीत, पण फोंड्यात दुकान सांभाळणारी मी तिथे कशाला जाणार! टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, एका फटक्यानं पदक हुकलं, ती शनिवारची सकाळ तेवढी मनात राहिली होती. भाचा म्हणाला, "मावशी, एकदा खेळून बघ." तेव्हापासून दुकान बंद केलं, जेवणं आटोपली की रोज एक फेरी होतेच.

गेमचं नाव देत नाही. भाच्यानं आणखी दोन गेम खेळून पाहिले, त्यांतही थोड्याफार फरकानं हेच दुखणं होतं.

आधी चांगलं ते सांगते. मैदानं देखणी आहेत, वारा आणि उतार यांचा हिशेब मन लावून करावा लागतो, आणि नऊ होल वीस मिनिटांत होतात. बॅटरी बरीच खातो. आवाज मी बंदच ठेवते.

फटका तीन टॅपचा. पहिल्या टॅपला सुई निघते, दुसऱ्याला जोर ठरतो, तिसरा टॅप सुई परत येताना पांढऱ्या पट्टीवर पडला तर चेंडू सरळ. सगळा खेळ त्या पट्टीत आहे. सुरुवातीला मिळणाऱ्या ड्रायव्हरला, म्हणजे लांब फटक्याच्या काठीला, ती नखाच्या कडेएवढी, विकतच्या ड्रायव्हरला सरळ दुप्पट. म्हणजे हाताची चूक पैशानं झाकता येते. त्यात फोनचा फरक वेगळाच. माझा फोन 60 हर्ट्झचा, सुईचं चित्र साधारण 16.7 मिलिसेकंदांनी बदलतं. भाच्याच्या 120 हर्ट्झच्या फोनवर ते त्याच्या निम्म्या वेळात. एकदा त्याचा फोन घेऊन खेळले तेव्हा सुई थांबून थांबून जात नव्हती, पाण्यासारखी वाहत होती. शनिवारी सगळ्यांना एकच क्लब (गोल्फची काठी) देऊन एक स्पर्धा होते. ती मला मनापासून आवडते. फोनचा फरक तिथेही राहतोच, पण निदान पट्टी तरी सगळ्यांना सारखी.

माझी खरी तक्रार मात्र क्लबची नाही. ती गटांची आहे.

खुल्या स्पर्धेत ब्रॉंझ, सिल्व्हर, गोल्ड असे गट आहेत, आणि तुमचा गट शेवटच्या पाच फेऱ्यांच्या सरासरीवर ठरतो. ऐकायला ठीक वाटतं. जानेवारीत मी ब्रॉंझमध्ये 33 फटक्यांत नऊ होल पूर्ण केले. पार, म्हणजे मैदानाला ठरवून दिलेले फटके, 36. म्हणजे तीन खाली, माझी तोवरची सर्वांत चांगली फेरी. निकाल पाहिला तर पहिल्या चाळिसातही नाही. पहिल्या आलेल्याचे फटके 26. त्याच्या आधीच्या फेऱ्या उघडून पाहिल्या: 52, 55, 54, 56, 53. दहा-अकरा वर्षांची मुलंसुद्धा इतकी वाईट खेळत नाहीत. चेंडू मुद्दाम पाण्यात मारून त्यानं सरासरी बिघडवली होती आणि स्पर्धेच्या दिवशी खरा हात दाखवला. पुढच्या महिन्यात दुसरं नाव, चाल तीच. गोल्फमध्ये याला सँडबॅगिंग म्हणतात. नियम कुठेच मोडलेला नाही, पण ब्रॉंझमधल्या नवशिक्याला जिंकण्याची जागाच उरत नाही.

खऱ्या गोल्फनं यावर किती विचार केला आहे हे नंतर कळलं आणि मी थक्क झाले. कोणाला किती फटक्यांची सूट द्यायची ते ठरवणाऱ्या आकड्याला हँडिकॅप म्हणतात. 2020 पासून जगभर त्याची एकच पद्धत आली. तिच्यात शेवटच्या 20 फेऱ्या पाहतात, पण सरासरी धरतात ती त्यांतल्या सर्वोत्तम 8 फेऱ्यांचीच. मैदान किती अवघड हेही त्यात येतं. स्लोप नावाचा आकडा 55 ते 155 असतो, 113 म्हणजे मध्यम. सर्वोत्तम 8 का, यातच सगळं आहे. हँडिकॅप तुम्ही साधारण कसे खेळता हे मोजत नाही, तुमच्या हातात काय आहे ते मोजतं. तुमच्या 20 फेऱ्यांत 8 चांगल्या असतील तर उरलेल्या 12 तुम्ही कितीही बिघडवा, आकडा हलत नाही. फसवायचं म्हटलं तर तेरावी फेरी बिघडवावी लागते, चौदावी, पंधरावी बिघडवावी लागते. आमच्या गेममध्ये एका संध्याकाळी पाच फेऱ्या बिघडवल्या की काम झालं.

नोव्हेंबरातच गोव्यात, हडफड्याला, बुद्धिबळाचा विश्वचषक झाला. भाचा तिथून आला तो रेटिंगचं खूळ घेऊन, म्हणजे निकालांवरून प्रत्येक खेळाडूला मिळणाऱ्या गुणांचं. "मावशी, रेटिंगमध्ये दोनशेचा फरक असला तर वरच्याकडून शंभर डावांत साधारण 76 गुणांची अपेक्षा असते." मग गेमनं रेटिंगच लावावं, असं त्याचं म्हणणं. मला ते अर्धंच पटतं. रेटिंगवरून कोण कोणाला हरवेल ते कळतं. हँडिकॅपवरून कोणाला किती फटके दिले म्हणजे दोघं एका रेषेवर उभे राहतील ते कळतं. अनोळखी हजार जणांना रेटिंग ठीक. आम्ही अकरा जण मात्र नातेवाईक आणि शेजारी, आम्हाला एकत्रच खेळायचं होतं.

म्हणून मार्चपासून दुकानातल्या एका लाल वहीत आमचा हिशेब सुरू केला. मैदान कायम एकच, म्हणून स्लोपची भानगड नाही. शेवटच्या 20 तल्या सर्वोत्तम 8 फेऱ्या, पारपेक्षा किती वर किंवा खाली. भाचा उणे 7, साखळी गावात राहणारा माझा दादा अधिक 2. पहिल्याच रविवारी भाच्यानं 29 मारले, त्यात 7 मिळवून 36. दादानं 36 मारले, त्यातून 2 वजा करून 34. दादा दोन फटक्यांनी जिंकला. शाळेतून निवृत्त झालेला माणूस, त्यानं रात्री साडेदहाला फोन केला आणि पहिल्या होलपासून नवव्यापर्यंत प्रत्येक फटका मला सांगितला. "सातव्याला वारा उलटा होता गे, तरी पाच नंबरच्या आयर्ननं पोचवला!" खुल्या स्पर्धांत त्याला हा आनंद सात महिन्यांत एकदाही मिळालेला नाही.

पद्धत बिनचूक नाही. मोठा हँडिकॅप असलेल्याचे फटके एका फेरीपासून दुसरीला फार वरखाली होतात, त्यामुळे गर्दीत त्यांच्यातल्या कोणाची तरी भन्नाट फेरी लागतेच. खऱ्या गोल्फमध्ये म्हणूनच एकेरी स्ट्रोक प्लेला, म्हणजे एकूण फटके मोजून होणाऱ्या खेळाला, हँडिकॅपचे 95 टक्केच धरावेत अशी शिफारस आहे. आम्हीही तेच केलं. अधिक 10 वाल्याचा अर्धा फटका जातो, पण त्या अर्ध्यानं बरोबरी सुटते. तरीही बरोबरी झालीच तर शेवटचे तीन होल मोजतो.

आणखी एक राग आहे. जूनच्या पहिल्या पावसात महिन्याच्या अंतिम फेरीत मी आठव्या होलवर होते. वीज गेली, वायफाय गेलं, मोबाइल डेटा लागेपर्यंत गेमनं माझी फेरी सोडून दिली असं धरलं. इथे पावसाळ्यात हे आठवड्यातून दोनदा होणार. प्रत्येक फटक्यानंतर फेरी साठवून दहा मिनिटं वाट पाहायला काय हरकत आहे? आमच्या वहीत नियम आहे: वीज गेली तर त्याच होलपासून दुसऱ्या दिवशी पुढे.

गेमवाल्यांना दोनदा लिहिलं. पाचाऐवजी वीस फेऱ्या घ्या, सर्वोत्तम आठ धरा, एवढंच मागितलं. दोन्ही वेळा साच्यातलं उत्तर आलं.

पाचपैकी साडेतीन तारे देते, तेही शनिवारच्या स्पर्धेसाठी आणि फटक्याच्या मजेसाठी. दीडशे रुपयांचा महिन्याचा पास या वेळी घेतला नाही, खुल्या स्पर्धेत उतरणंही थांबवलं. रविवारी साडेनऊला आमची फेरी आहे. भाच्याचा हँडिकॅप आता उणे 8 झालाय, आणि दादा सातव्या होलचा सराव करतोय.