देवमाणूस, क्राईम पेट्रोल का दिल्ली क्राईम: घरात काय लावायचं?

खऱ्या केसवरची सिरीयल पाहायची म्हटलं की आमच्या भागात साधारण तीनच नावं निघतात. मराठीत देवमाणूस, हिंदीत क्राईम पेट्रोल, अन मोबाईलवर नेटफ्लिक्सचे पैसे भरायची तयारी असेल तं दिल्ली क्राईम. आमच्याकडे तिन्ही चालल्या, शेवटी एकच राहिली. ती काहून राहिली ते सांगतो, तुमच्या घरी उलटंही होऊ शकते, कारण समोर कोण कोण बसून राहिलं त्याच्यावर बरंच आहे. एकट्यानं पाहणाऱ्याचं गणित वेगळं, अन बाजेवर माय, खाली वहिनी, दारात पोट्टे असं घर असेल तं वेगळं.

देवमाणूसची केस तुम्हाला माहीतच आहे, साताऱ्याकडे वाई तालुक्यातल्या धोमचा डॉक्टर, 2016 मध्ये सारं बाहेर आलं, सहा खुनांचा आरोप, अन तेही 2003 पासूनचे. सिरीयल त्याच्यावरून सुचलेली, 2020 मध्ये लागली. रात्री साडेदहाची वेळ, म्हणजे आमच्या गावात कुत्रे सोडून सगळे झोपलेले असतात तेव्हाची, तरी लोक जागायचे. भाषा साताऱ्याची, आमची नाही, पण सरू आजीच्या तोंडच्या म्हणी अन शिव्या आमच्या मायला अशा पाठ झाल्या की बकरी दावं तोडून पळाली तरी त्यातलीच एखादी निघायची.

मला तिच्यात पटलं ते खून-बिन नाही, गावानं त्या माणसाला डोक्यावर काहून घेतलं ते पटलं. हे शहरातल्या माणसाला नाही समजत. सरकारी दवाखाना लांब, तिथं गेलं तं डॉक्टर मीटिंगला, अन इकडं हा माणूस रात्री बारा वाजता हाक मारली तरी येते, सुई मारते, सलाईन लावते, पैशाचं म्हणाल तं कापूस विकला की द्या म्हणते. त्याची डिग्री कोण विचारते मग? असा एक तरी डॉक्टर प्रत्येक खेड्यात होऊन गेलेला आहे (सारे खुनी नसतात, ते एक बरं), अन त्याच्याबद्दल वाईट बोललं तं लोक तुमच्यावरच धावून येतात. हा विश्वास कसा बसते ते देवमाणूसनं फार बारीक दाखवलं, पहिले दोन-तीन महिने तं मी म्हणत होतो की मराठीत असं झालंच नाही.

पण मग लांबण लागली. पोलीस दारापर्यंत येते अन परत जाते, कोणाला तरी कळते अन तोच माणूस मरते, आज पकडला जाईल असं प्रोमोत दाखवतात अन आज नाही पकडला जात. आठवडाभर लग्नाला जाऊन या, डॉक्टर तिथंच उभा. माय टीव्हीलाच विचारायची, "अजून नाई सापडला का रे तो मुडदा?" अन दुसरं म्हणजे तो नट, किरण गायकवाड, काम इतकं चांगलं करते की हळूहळू सिरीयल त्याचीच होऊन जाते, मेलेल्या बायांची राहत नाही. पोट्टे त्याच्यासारखे चालायला लागले. एक सीझन संपला तं दुसऱ्यात बाबा पुन्हा हजर, म्हणजे खऱ्या केसशी तेव्हा फारसं घेणंदेणं नाही उरलं. करमणूक म्हणून पाहा, माझी ना नाही. सगळ्या घरानं हसत-ओरडत बसावं असं या तिघांत हेच आहे.

क्राईम पेट्रोल याच्या उलट. 2003 मध्ये सुरू झालं, हजारावर भाग झाले, जुने यूट्यूबवर फुकट पडलेले आहेत. गोष्ट एका नाही तं दोन भागांत संपते अन आरोपी सापडतेच. हिवाळ्यात ओलिताची लाईन रात्रीची असते तेव्हा हे सगळ्यात कामाचं, गहू भिजून राहिला, तुम्ही धुऱ्यावर बसून राहिले, एक बारं होईपर्यंत एक केस होते. नावं-गावं बदललेली असतात पण तपास बऱ्यापैकी खरा वाटते, कॉल रेकॉर्ड, टॉवर लोकेशन, पंचनामा. आमच्या गावातल्या अर्ध्या लोकांना पोलिसांचं काम जे काही समजते ते इथूनच समजलेलं आहे. अँकर अनुप सोनी बोलतातही चांगले, आवाज असा की चालता माणूस थांबते.

अन तिथंच माझं बिनसलं.

प्रत्येक केसच्या आधी-मधी-शेवटी अँकर येऊन सांगतात की कुठं लक्ष द्यायला पाहिजे होतं, कोणती खूण दिसली होती, कोणाला वेळेवर सांगितलं असतं तं वाचली असती. हेतू चांगलाच असेल, सावध राहा म्हणण्यात वाईट काय. पण तुम्ही घरात बसून त्याचा परिणाम पाहा. माझी पुतणी यवतमाळला कॉलेजात जाते, सकाळच्या एसटीनं जाते अन संध्याकाळच्या गाडीनं येते. एका रात्री कॉलेजच्या पोरीची केस लागली. सकाळी पुतणी चपला घालून राहिली तं माय दारात उभी, "आज नोको जाऊ." काहून? तं म्हणे ते पाह्यलं नाई का रात्री. पोरगी म्हणाली, आजी, माझा पेपर आहे. तं माय मला म्हणते, "तू सोडून दे मग तिले गाडीवर." बरं, मी सोडलं. पण हे पुन्हा पुन्हा व्हायला लागलं. भाडेकरूची केस लागली की वर्गातल्या कोणत्या पोरी खोली करून राहतात त्याची चौकशी, मोबाईलवर ओळख झाल्याची केस लागली की तिचा मोबाईल माय उशीखाली ठेवणार, स्वतःला चालू करता येत नाही तरी. गुन्हा करणारा कुठंतरी कानपुरात नाही तं ठाण्यात, अन पेशी आमच्या पोरीची, रोज.

मी मायला दोष नाही देत. सत्तरीची बाई, गावाबाहेरचं जग तिला टीव्हीतूनच दिसते, अन टीव्ही रोज सांगून राहिला की नीट लक्ष ठेवलं असतं तं झालं नसतं. ती लक्ष ठेवते. फक्त ते लक्ष चोरावर नाही बसत, घरातल्या पोरीवर बसते. कोणी म्हणेल एवढ्यासाठी चांगला कार्यक्रम सोडायचा का. तुमच्या घरी जाणारी-येणारी पोरगी नसेल तं नका सोडू, खरंच नका सोडू.

दिल्ली क्राईम मी याच भीतीनं बरेच दिवस लावलं नव्हतं. केस कोणती ते सांगायची गरज नाही, डिसेंबर 2012, दिल्लीची बस, निर्भया. म्हटलं हे पाहिल्यावर तं माय पोरीला कोंडूनच ठेवेल. झालं वेगळंच. एक म्हणजे जे घडलं ते दाखवतच नाहीत, दिग्दर्शक रिची मेहतानं ते मुद्दामच टाळलं, फक्त नंतरचा तपास. तपासही कसा, पांढऱ्या बसा शोधा, हॉटेलबाहेरच्या कॅमेऱ्यात पाहा, एकाला पकडून दुसऱ्याचं नाव काढा, एकासाठी पार बिहारमध्ये जा. खरोखरच आठवडाभरात सहाही जण हातात आले होते. दुसरं म्हणजे त्यात पोरीनं काय करायला पाहिजे होतं हा उपदेश कोणी तुमच्या तोंडावर येऊन करत नाही. ती सिनेमा पाहून घरी चालली होती, बस.

अन डीसीपी वर्तिका म्हणजे शेफाली शाह (तेव्हाच्या दक्षिण दिल्लीच्या डीसीपी छाया शर्मा, त्यांच्यावरून हे पात्र), तिची स्वतःची पोरगी दिल्लीला कंटाळलेली, तिला शिकायला कॅनडात जायचं आहे. आई पोलीस, शहर तिच्या हाताखाली, अन पोरगी म्हणते इथं राहायचं नाही. त्या दोघींचं बोलणं चालू असताना आमच्याकडे वहिनी एकदम चूप झाली होती. माय मात्र भूपेंद्र नावाचा इन्स्पेक्टर आहे त्याच्यात अडकली, तो तपासाच्या धावपळीत पोरीसाठी स्थळ पाहत असते, ते तिला फार खरं वाटलं.

खोट नाही असं नाही. स्वस्तातला प्लॅन घेतला तं टीव्हीवर जात नाही, आम्ही मोबाईल तेलाच्या डब्याला टेकवून पाहिलं, दाटीवाटीनं. अंधारातले सीन इतके की दिवसा काही दिसतच नाही. साहेब लोक मधेच इंग्रजीत सुरू होतात, मग माय विचारते काय म्हणाली ती बाई, अन सांगेपर्यंत पुढचं निघून जाते. अन मुख्य म्हणजे सगळं पोलिसांच्या बाजूनं आहे. तेव्हा इंडिया गेटवर जमलेल्या पोरापोरींवर पाण्याचा मारा झाला, अश्रुधुर सोडला, तो राग इथं पोलिसांच्या खिडकीतून दिसते. शिवाय आठवड्यात पकडले हे खरं, पण फाशी व्हायला मार्च 2020 उजाडलं, ती मधली सात वर्षं या सिरीयलीत नाहीत. कोर्टाच्या पेश्यांनी माणूस कसा झिजते ते पाहायचं असेल तं ट्रायल बाय फायर पाहा, दिल्लीच्या उपहार टॉकीजची आग, 1997, 59 जण गेले, त्यातल्या दोन पोरांच्या मायबापाची कोर्टातली लढाई. जमिनीच्या केसपायी तालुक्याला चकरा मारणाऱ्या माणसाला ते फार लवकर समजते.

आपल्या नागपूरच्या कस्तुरबा नगरचं, 2004 मध्ये बायांनी कोर्टातच गुंडाला संपवलं ते, नेटफ्लिक्सवर आहे पण ती डॉक्युमेंट्री आहे, म्हणून या तुलनेत धरली नाही. पाहा मात्र, आपल्याच भागातल्या बाया स्वतःच्या तोंडानं बोलतात.

तं माझ्यापुरतं, हसतखेळत वेळ घालवायचा तं देवमाणूसचे सुरुवातीचे महिने, शेतात एकट्यानं जागल असेल तं क्राईम पेट्रोल, अन घरात सगळ्यांनी मिळून पाहून नंतर काही बोलणं व्हावं असं वाटत असेल तं दिल्ली क्राईमचा पहिला सीझन. दुसरा सीझनही सोडू नका, 2022 चा, कच्छा-बनियान टोळीवरचा. गुन्हा झाला की पहिले भटक्या-विमुक्तांच्या वस्तीवर धाड, हे त्यात आहे. इंग्रजांनी 1871 मध्ये जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, 1952 मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला, पण आमच्याकडे अजूनही विहिरीवरची मोटार चोरीला गेली की जीप पहिले पारधी बेड्यावरच जाते, पंप मग गावातल्याच कोणाच्या कोठ्यात निघो. आमच्या घरी तो भाग पाहून वाद झाला, माय म्हणे पोलीस उगीच जातात काय, अन पुतणी तिच्याशी भांडली, चांगली अर्धी रात्र.

पहिल्या सीझनचे सात भाग आहेत, दोन-दोन करून पाहा. पहिली रात्र लहान पोट्टे झोपल्यावर ठेवा, दवाखान्यातलं पोरीचं बयान ऐकवत नाही. गावात रेंज नसेल तं तालुक्याहून डाउनलोड करून आणता येते, आम्ही तसंच करतो, पुतणी आणते येताना.