पुढच्या दाताचं बाँडिंग: कोथरूडच्या एका दवाखान्यातलं काम

बाँडिंग म्हणजे दाताच्या रंगाचं मटेरियल दातावर चिकटवून त्याला आकार देणं. पुढच्या दाताचा तुटलेला कोपरा आणि दोन दातांमधली फट, दोन्ही कामं इथे एका बैठकीत होतात. सर्वात आवडलं ते शेड, म्हणजे दाताशी जुळणारा रंग, निवडणं. ते खिडकीच्या उजेडात आणि दात ओला असतानाच केलं जातं, कारण वाळलेला दात जास्त पांढरा दिसतो आणि रंग चुकतो.

मग रबर डॅम, म्हणजे दात कोरडा ठेवायला त्याच्याभोवती ताणलेला रबराचा पडदा. अनेक ठिकाणी कापसावर भागवतात, पण लाळेचा ओलावा लागला की बाँड कच्चा राहतो आणि कड लवकर उचकटू शकते. इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर, ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड १५ ते ३० सेकंद, भरपूर पाण्याने धुणं, वाळवल्यावर खडूसारखी पांढरट झाक. ती दिसली नाही तर पुन्हा एचिंग, म्हणजे हेच ॲसिड लावणं. बाँडिंग एजंट (चिकटवणारा द्रव) लावल्यावर कंपोझिट, म्हणजे ते दाताच्या रंगाचं मटेरियल, २ मिलिमीटरपेक्षा जाड नसलेल्या थरांत, प्रत्येक थर घट्ट करायला लाइट. जाड थर आतून मऊच राहतो.

पॉलिश मात्र घाईत उरकतात. खरखरीत पृष्ठभागावर चहाचे आणि मिसळीच्या तर्रीतल्या हळदीचे डाग लवकर बसतात. जिभेला कड लागली तर खुर्चीतून उठण्याआधीच सांगा.

दात पांढरे करायचे असतील तर ते आधी, आणि बाँडिंग किमान दोन आठवड्यांनी. ब्लीचचा उरलेला ऑक्सिजन चिकटणं बिघडवतो, शिवाय कंपोझिट नंतर उजळत नाही. रात्री दात खाणाऱ्यांनी नाइट गार्ड घ्यावा. दाढेचा मोठा भाग गेला असेल तर बाँडिंगचा हट्ट नको, कॅपबद्दल विचारा.