हायब्रिड एसयूव्ही: वर्षभराचा वापर आणि न्यू जर्सीचा लेमन लॉ

गाडीची वैशिष्ट्ये येथे पुन्हा लिहीत नाही. मायलेज कंपनी सांगते त्याच्या जवळपास मिळते, मागे आईबाबा निवांत बसतात, आणि पहिल्या हिवाळ्यापर्यंत माझे मत अतिशय चांगले होते. मग टर्नपाइकवर (येथील टोल महामार्गावर), ट्रकांच्या मधोमध, हायब्रिड यंत्रणेचा इशारा लागला आणि गाडी रांगू लागली. बंद करून पुन्हा सुरू केल्यावर सारे पूर्ववत झाले. डीलरकडे तर ती पाहुण्यांपुढच्या मुलासारखी शहाण्यासारखी वागत असे.

या साऱ्यात मला यंत्रापेक्षा कागदाने जास्त छळले. गाडी तपासून परत देताना डीलरने दर वेळी तारखा, ओडोमीटरचा आकडा आणि केलेले काम लिहून द्यावे, असे येथील लेमन लॉ, म्हणजे सदोष नवी गाडी पदरी पडलेल्या ग्राहकासाठीचा कायदा, सांगतो. आमच्या सर्व्हिस ॲडव्हायझरने मात्र ‘दोष आढळला नाही, मग पावती कशाची?’ म्हणून बोळवण करू पाहिली. मी काउंटरवरून हललो नाही, कारण दोष कधी दाखवला याचा पुरावा तीच पावती. कंपनीला गाडी परत घ्यावी लागली, तर परताव्यातून वापरापोटी होणारी कपात ठरवताना, दोष पहिल्यांदा दाखवला तेव्हाच्या मैलांनी गाडीच्या किमतीला गुणून १,००,००० ने भागतात. म्हणजे ४०,००० डॉलरच्या गाडीचा दोष ३,००० मैलांवर नोंदवला तर १,२०० डॉलर जातात, १०,००० मैलांवर नोंदवला तर ४,०००. ‘पुढच्या ऑइल चेंजला बघू’ म्हणणारा दर हजार मैलांमागे किमतीचा एक टक्का गमावतो.

पुढे डीलरने इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा भाग) मागवला, साठा नसल्याने तो बॅकऑर्डरवर गेला, आणि गाडी त्याच्या आवारात बर्फाखाली पडून राहिली. हप्ता आणि विमा मात्र माझ्या खात्यातून वेळेवर कापले गेले. पहिल्या २४ महिन्यांत किंवा २४,००० मैलांत, यांपैकी जे आधी संपेल त्या मुदतीत, तीन दुरुस्त्यांनंतरही तोच दोष राहिला, किंवा गाडी एकूण २० दिवस दुरुस्तीत अडकूनही दोष कायम असला, तर कंपनीला दुरुस्तीची पुरेशी संधी मिळून गेली, असे कायदा ग्राहकाच्या बाजूने गृहीत धरतो. जीवावर बेतू शकणाऱ्या दोषाला एकच फसलेला प्रयत्न पुरतो. त्याआधी कंपनीला सर्टिफाइड मेलने पत्र पाठवून १० दिवसांची अखेरची संधी द्यावी लागते. (पुण्याच्या भावाला याचाही हेवा वाटला. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही, आणि वॉरंटीत सदोष भाग बदलून मिळतो, अख्खी गाडी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच म्हटले आहे.)

हे पत्र निव्वळ सोपस्कार आहे, असे मला वाटत होते. ते मत आता बदलले आहे. पत्र पोहोचल्यावर कंपनीने स्वतःचा तंत्रज्ञ पाठवला आणि त्याने एका केबलच्या जोडात शिरलेला ओलावा शोधून काढला. ज्या इन्व्हर्टरची वाट पाहण्यात डीलरने आठवडे घालवले, तो मुळात निर्दोष होता! जोड बदलल्यापासून इशारा लागलेला नाही, त्यामुळे परताव्याचा माझा सारा हिशेब फुकट गेला आणि गाडी ठेवावी लागली. घ्यायची असल्यास गाडी खुशाल घ्यावी, डीलर मात्र पारखून निवडावा. कंपनीने ‘सदिच्छा’ म्हणून एका महिन्याचा हप्ता परत देऊ केला आहे. मी दोन मागितले आहेत.