डीडीरेस्क्यू, सात महिन्यांच्या वापरानंतर (एफएससीके अडकलंय त्यांनी आधी वाचा)

डीडीरेस्क्यू म्हणजे मरायला टेकलेल्या डिस्कवरचा डेटा उचलून दुसरीकडे ठेवणारा प्रोग्रॅम. माझी त्याच्याशी गाठ कशी पडली ते सांगतो. गणपतीच्या तोंडावर, म्हणजे आमच्या धंद्यात एक दिवसही वाया घालवणं परवडत नाही तेव्हा, दुकानातला सर्व्हर बसला. सर्व्हर कसला, जुना पीसी. त्यात 2 टीबीची हार्ड डिस्क आणि उबुंटू लिनक्स. कोल्हापुरात माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं छोटं दुकान आहे. मंडळांची पावती पुस्तकं, अहवाल, लग्नपत्रिका, नऊ वर्षांच्या सगळ्या कोरल फाइली त्या एका डिस्कवर. बॅकअप होता, पण मार्चमधला. हसू नका.

रात्री लाइट गेली, यूपीएसची बॅटरी केव्हाच वारली होती. सकाळी मशीन चालू केलं तर इमर्जन्सी मोड, आणि खाली सूचना: एफएससीके (डिस्कवरच्या फाइलींची मांडणी तपासून दुरुस्त करणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) हाताने चालवा. चालवलं. दर प्रश्नाला वाय दाबत कोण बसणार, म्हणून सगळ्याला 'हो' म्हणणारा पर्याय लावला आणि चहाला गेलो. त्या चहाइतका महाग चहा मी आयुष्यात प्यायलो नाही.

परत येऊन बघतो तर पडद्यावर एकाखाली एक 'एरर रीडिंग ब्लॉक'. त्याच्यामागे 'इग्नोर एरर? येस', 'फोर्स रीराइट? येस'. दोन ओळींच्या मध्ये अर्धा-पाऊण मिनिट, आणि डब्यातून आवाज: टक्, टक्, किर्रर्र, थोडी शांतता, परत टक्. दोन तासांनी बंद केलं, पुन्हा लावलं. तीच रड, फक्त ब्लॉकचे आकडे वेगळे.

इथे काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा, वाचता आला नाही की डिस्क आपणहून पुन्हापुन्हा प्रयत्न करते. लिनक्स तिची साधारण 30 सेकंद वाट बघतं, मग तिला रीसेट करतं, मग परत तेच. एफएससीके बिचारं असं धरून चालतं की डिस्क धडधाकट आहे, फक्त हिशेब चुकलाय, आणि त्या भरवशावर खाडाखोड करतं. 2019 च्या पुरानंतर आम्ही दुकानातल्या भिजलेल्या वह्या उलगडत बसलो होतो. जोर लावला की पान फाटतं, हे तेव्हा हाताला कळलेलं. डिस्कच्या बाबतीत डोक्यात आलं नाही. 'फोर्स रीराइट'ने तर जे वाचताच आलं नाही त्याच जागी बफरमध्ये, म्हणजे मेमरीत तात्पुरतं, असेल ते लिहून टाकलं. लिहिल्यावर डिस्क तो सेक्टर परत वापरात घेते किंवा त्याला राखीव जागा देते, एरर नाहीशी होते, आणि तिथला जुना मजकूरही कायमचा जातो. माझे दोन फोल्डर असेच लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये (एफएससीके बेवारस फाइली टाकतं तो फोल्डर) नुसते आकडे होऊन पडले.

मग डिस्कची तब्येत दाखवणारं स्मार्टसीटीएल चालवलं. वरची ओळ: हेल्थ 'पास्ड'. त्या ओळीवर अजिबात जाऊ नका. खाली 197 नंबरची नोंद असते, करंट पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचता न आलेले आणि निकाल बाकी असलेले. तिथे 312 होते. 5 नंबरला बदलून दिलेले सेक्टर, 198 ला ऑफलाइन तपासणीत न वाचता आलेले. आणि 199, म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका, बघायला विसरू नका. तो आकडा वाढतोय आणि 197 शून्य आहे, तर डिस्क ठीक असून केबल खराब असण्याची शक्यता जास्त. नंतर एका मित्राच्या मशीनला नेमकं हेच निघालं; 90 रुपयांची साटा केबल बदलली आणि एफएससीके एका दमात पार पडलं.

पुण्यातल्या एका रिकव्हरीवाल्याने फोनवरच 18 हजार सांगितले. मी 4 टीबीची नवी डिस्क आणली आणि पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालू करून डीडीरेस्क्यू बसवलं. उबुंटूत पॅकेजचं नाव 'जीडीडीरेस्क्यू' आहे. मध्ये अंडरस्कोअर असलेलं 'डीडी_रेस्क्यू' हा वेगळाच प्रोग्रॅम आहे. नावांच्या या घोळात माझा अर्धा तास गेला.

हे फुकटचं ग्नू सॉफ्टवेअर आहे, आंतोनियो दियाझ दियाझ यांचं. काम एकच: जमेल तेवढं सेक्टर-सेक्टर उचलून दुसरीकडे ठेवणं. दुरुस्ती ते करतच नाही, हे लक्षात न घेता लोक नावं ठेवतात. आधी जे सहज वाचता येतं ते झपाट्याने उचलतं, अडलं की पुढे उडी मारतं. मग राहिलेल्या भागांच्या कडा तासतं, मग उरलेलं सेक्टर-सेक्टर खरवडतं, आणि सांगितलं असेल तर शेवटी पुन्हा प्रयत्न. मरायला टेकलेल्या डिस्कला हाच क्रम हवा. शेवटच्या श्वासात तिच्याकडून आधी चांगला माल काढून घ्यायचा, खराब जागेवर डोकं आपटत बसायचं नाही.

पण याची खरी किंमत मॅपफाइलमध्ये आहे. ही एक साधी मजकुराची फाइल. कुठून कुठपर्यंत झालं (+), कुठे अजून हात लावला नाही (?), कुठला सेक्टर वाईट (-), सगळं त्यात. मशीन बंद पडो, लाइट जावो, तीच मॅपफाइल दिली की काम राहिलं तिथून पुढे. मी पहिल्या दिवशी ती लाइव्ह लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवली. तो फोल्डर रॅममध्ये असतो. दुपारी मशीन अडकलं, रीस्टार्ट केलं, तीन तासांचं काम असूनही नसल्यासारखं. आता मॅपफाइल नेहमी इमेजच्या (डिस्कची हुबेहूब प्रत असलेल्या मोठ्या फाइलीच्या) शेजारी, नव्या डिस्कवर.

दुसऱ्यांदा बसलो तेव्हा खरवडणं टाळणारा 'एन' आणि थेट वाचनाचा 'डी' हे पर्याय लावले. साडेपाच तासांत 99.98 टक्के. मग 'एन' काढून तीन फेऱ्यांचा पर्याय, त्याला दोन रात्री. डिस्कवर टेबल फॅन लावून ठेवला होता. फ्रीजरमध्ये ठेवा म्हणणारे भेटतील. आत दव धरतं, ऐकू नका. उरलेल्यासाठी उलट्या दिशेने वाचणारा कॅपिटल 'आर' लावला तर अजून थोडं निघालं. शेवटी 364544 बाइट राहिले. भागाकार केला: 4096 चे बरोबर 89 तुकडे. डिस्क बाहेरून 512 चे सेक्टर दाखवते, आत मात्र 4096 चे असतात, म्हणून गेला की आठचा गट्ठाच जातो.

मग इमेजची आणखी एक प्रत काढली आणि त्या प्रतीवर एफएससीके. चार मिनिटं. टक् नाही, किर्रर्र नाही. जे दोन तासांत अर्धंसुद्धा झालं नव्हतं ते चार मिनिटांत.

कुठल्या फाइली गेल्या हे शोधायलाही यातच सोय आहे. फिल मोड वापरून मूळ, हात न लावलेल्या इमेजमधल्या त्या 89 भोकांत ओळखू येईल असा शब्द भरायचा आणि फाइलींमध्ये तो शोधायचा. बहुतेक भोकं रिकाम्या जागेत निघाली, 14 फाइली खऱ्याखुऱ्या बिघडल्या. पहिल्या दिवशी 'वाय' लावून मी जे घालवलं त्यापुढे हे काहीच नाही.

सात महिन्यांत आणखी पाच डिस्कवर वापरलं. मावशीच्या लॅपटॉपची विंडोजवाली एनटीएफएस डिस्क होती. तिथेही आधी क्लोन, म्हणजे पूर्ण प्रत, मग चेकडिस्क (विंडोजचं एफएससीके) क्लोनवर. फोटोग्राफर मित्राचं मेमरी कार्ड तर तासाभरात झालं. यूएसबीच्या डब्यातली एक डिस्क मध्येच गायब होऊन परत आली तेव्हा लिनक्सने तिला दिलेलं नाव एसडीबीचं एसडीसी झालं. अशा वेळी घाईत नाव टाकलं आणि मूळ-प्रत उलटी झाली तर संपलंच, म्हणून मी आता बाय-आयडीवाली, डिस्कच्या सीरियल नंबरची, न बदलणारी लांबलचक नावंच देतो. एक एसएसडी मात्र मशीनला दिसेचना. तिथे डीडीरेस्क्यू काय, कोणीच काही करू शकलं नाही.

तक्रारी? सगळं काळ्या पडद्यावर. मॅन्युअल उत्तम पण लांबलचक आणि इंग्रजीत. चित्रात प्रगती बघायची असेल तर डीडीरेस्क्यूव्ह्यू वेगळं बसवावं लागतं. पाचपैकी साडेचार देतो, अर्धा त्या नावाच्या घोळासाठी कापला.

त्या 14 फाइलींत एका मंडळाच्या जुन्या अहवालातला फोटो होता. उपाध्यक्षांचा चेहरा नाकापर्यंत शाबूत, खाली सगळं करडं. मी कचरतच सध्याच्या अध्यक्षांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "असू दे की. नाहीतरी तो आता पलीकडच्या मंडळात गेलाय."