घणसोली गावातलं बिननावाचं गॅरेज, जिथे आपली गाडी आपल्याला उघडू देतात

आधी रेटिंग देते, पाचपैकी साडेचार.

घणसोली स्टेशनवरून गावाकडे चालत आलात की आतल्या गल्लीत एक पत्र्याचं शेड आहे, वर ऑईलपेंटने फक्त 'टू व्हीलर रिपेरिंग' एवढंच लिहिलंय, गॅरेजला नाव नाही, मॅपवर शोधलं तर सापडत नाही. नेहमीची सगळी कामं होतात पण मी लिहितेय ते एका वेगळ्याच सोयीसाठी. इथले दादा तुमची गाडी तुम्हाला स्वतःच्या हाताने उघडू देतात. जागा त्यांची, पाने त्यांचे, स्टँड त्यांचा, शंभर रुपये द्यायचे आणि शेडच्या कडेला बसून आपलं काम आपण करायचं. ऑईल, प्लग, केबल त्यांच्याकडून घ्या नाहीतर घरून आणा, त्यावरून तोंड वाकडं करत नाहीत.

आता कोणाला वाटेल की एवढं काय त्यात, घरी खाली पार्किंगमध्ये कर की. तर तेच करता येत नाही ना. आमच्या सोसायटीत (नाव लिहीत नाही, घणसोलीतलीच आहे) लिफ्टशेजारी नोटीस लावलीय की भाडेकरूंनी पार्किंगमध्ये किंवा आवारात वाहनाची दुरुस्ती करू नये, केल्यास हजार रुपये दंड. भाडेकरूंनी. हा शब्द मुद्दाम घातलाय, कारण त्याच पार्किंगमध्ये एक ओनर काका दर रविवारी कारचं बॉनेट उघडून बसतात, पाईप लावून गाडी धुतात, सगळं पाणी रॅम्पवरून खाली येतं, त्यांना कोणी काही बोलत नाही. मी स्टूल घेऊन चेनला ब्रश मारायला बसले की वॉचमन मामा येणार आणि बिचारे अवघडून म्हणणार, ताई, सेक्रेटरी साहेबांचा फोन आलाय, वरून बघतायत. मामांचा काही दोष नाही, त्यांची नोकरी आहे.

माझे वडील एसटीच्या वर्कशॉपला होते, घरातली गाडी घरीच उघडायची ही लहानपणापासूनची सवय, त्यामुळे चेन, प्लग, एअर फिल्टर, केबल, ब्रेक अॅडजस्ट करणं, ऑईल बदलणं एवढं मला येतं आणि ते करायला आवडतं. माझी स्प्लेंडर आहे, रोज महापे एमआयडीसीला जाते-येते, आणि पावसाळ्यात ठाणे-बेलापूर रोडला काय चिखल उडतो ते तिथून जाणाऱ्यांना सांगायला नको. त्या चिखलात चेन आठवड्यात करकरायला लागते. दर वेळी त्यासाठी सर्व्हिस सेंटरला अपॉइंटमेंट घेऊन गाडी दिवसभर ठेवायची का? आणि सुट्टी कोण देणार?

मधे घरपोच सर्व्हिसवाले पण बोलावून बघितले, अॅपवरून बुक करतात ते. मुलगा वेळेवर आला, टूल किट व्यवस्थित होती, पण गेटवरच अडवला, का तर दुरुस्ती म्हणजे दुरुस्ती, मग ती कोणीही करो. मी खाली जाऊन बोलेपर्यंत अर्धा तास गेला, शेवटी त्याने गेटबाहेर गटाराच्या झाकणाशेजारी गाडी लावून जेवढं जमलं तेवढं केलं, ऑईल बदललंच नाही, आणि अॅपने पैसे पूर्ण घेतले. त्या मुलाबद्दल तक्रार नाही. पण घरपोच सर्व्हिस घेणार असाल तर बुक करायच्या आधी सोसायटीला विचारून घ्या, हे त्यांच्या अॅपवर कुठेही लिहिलेलं नसतं.

तर ऑफिसमधल्या एकाने या गॅरेजचं सांगितलं. पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं होतं की बाई बघून पाना हातात देणार नाहीत. दादांनी फक्त एवढंच विचारलं की ताई, कुठलं काम करणार, आणि मी चेन आणि ऑईल म्हटल्यावर कडेची जागा दाखवली. पण इंजिन गरम आहे का ते त्यांनी हात जवळ नेऊन बघितलं, आणि म्हणाले की अजून पाच मिनिटं चालू ठेवा, ऑईल पातळ होऊन तळाचा गाळ घेऊन उतरेल. नंतर ड्रेन बोल्टचा (ऑईल काढायचा खालचा बोल्ट) वॉशर बघितला, चपटा झाला होता, स्वतः नवीन काढून दिला, आणि बोल्ट लावताना उगाच जोर लावू नका म्हणाले, कारण केसिंग अॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले की मोठं काम निघतं. माणूस कामात हात घालत नाही पण लक्ष असतं, आणि शिकवणीचे पैसे लावत नाही.

चेनचं तर मी इथेच नीट शिकले असं म्हणेन, म्हणजे घरी करत होते पण दादांची पद्धत जास्त पक्की आहे. दोन्ही बाजूची चेन कव्हर काढायची, चेन ब्रशने आणि रॉकेलने धुवायची, खाली पसरट ट्रे असतो, थेंब जमिनीवर पडू देत नाहीत, मग फडक्याने कोरडी पुसायची आणि मगच नव्वद नंबरचं गियर ऑईल आतल्या बाजूने सोडत चाक हाताने फिरवायचं. ढिलाई एकाच ठिकाणी बघून भागत नाही, चाक थोडं थोडं फिरवून तीन-चार जागी बोटाने वर-खाली करून बघायची, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, आणि जिथे सगळ्यात टाईट लागते त्या जागेवर माप धरायचं. मग अॅक्सलचा नट ढिला करून दोन्ही बाजूचे अॅडजस्टर सारख्या खुणेवर आणायचे, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि टायर एका बाजूने खातं. आणि शेवटची गोष्ट, जी बरेच मेकॅनिक घाईत विसरतात, चाक मागे सरकलं की मागच्या ड्रम ब्रेकचा रॉड पण परत सेट करावा लागतो, पेडल दाबून बघायचं, चाक मोकळं फिरतंय का बघायचं. दादा गाडी बाहेर काढू देत नाहीत ब्रेक दाबून दाखवल्याशिवाय. मला हे फार आवडलं.

आणि आता जे सांगते ते सोसायटीवाल्यांनी पण वाचावं असं मला मनापासून वाटतं. त्या नियमामागे कारण नाही असं मी म्हणतच नाही. टाईल्सवर ऑईल सांडलं की एखादी आजी घसरून पडेल, पेट्रोल उघडं ठेवलं आणि वर मीटर रूम असेल तर काय होईल, कोणी रात्री ग्राइंडर लावला तर तळमजल्यावरच्यांनी झोपायचं कसं, आणि अर्धी उघडलेली गाडी महिनाभर दुसऱ्याच्या जागेत पडून राहिली तर भांडणं होणारच. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जुनं ऑईल. सरकारच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑईल येतं, ते गटारात ओतायचं नसतं, कचऱ्याच्या गाडीत पण टाकायचं नसतं, परवाना असलेल्या रिसायकलरकडेच गेलं पाहिजे. आणि आपल्याकडे तर पावसाळी गटार नाल्यात, नाला होल्डिंग पाँडमधून (पावसाचं पाणी साठवायचं तळं) किंवा थेट खाडीत, आणि ती ठाणे खाडी म्हणजे फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. घणसोलीत गटारात ओतलेलं लिटरभर ऑईल कुठे जाणार ते उघड आहे.

या गॅरेजमध्ये त्याची सोय आहे. कोपऱ्यात दोनशे लिटरचा ड्रम, वर जाळीचं नरसाळं, तुमचं ऑईल त्यातच ओतायचं, घरी करून बाटलीत आणलंत तरी घेतात, आणि ड्रम भरला की ऑईल गोळा करणारा टेम्पो येतो. मी त्या टेम्पोवाल्याचा परवाना विचारला, दादांनी फोनमधला फोटो काढून दाखवला. जमिनीवर सांडलं तर लाकडाचा भुसा टाकतात. पेट्रोलचं काम शेडच्या बाहेर, आणि तेव्हा शेजारचा चहावाला शेगडी बंद करतो, हे मी बघितलंय. बॅटरी जुनी झाली की एक्स्चेंजमध्येच जाते. म्हणजे ज्या भीतीपोटी सोसायटी नियम करते त्या सगळ्या भीतीवर इथे साधा उपाय आहे, एक ट्रे, एक ड्रम, एक पोतं भुसा.

नियम करायचा सोसायटीला अधिकार आहे का, तर आहे, हे स्पष्ट लिहिते, कारण ग्रुपवर बरेच भाडेकरू 'हे बेकायदेशीर आहे' म्हणून सुरू होतात. पार्किंग ही सामाईक जागा, स्टिल्ट (इमारतीखाली खांबांमधलं) आणि उघडं पार्किंग बिल्डर वेगळं विकू शकत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय, आणि तिथे काय चालेल ते जनरल बॉडीने, म्हणजे सगळ्या सभासदांच्या सभेने ठरवायचं. बाकीच्यांना त्रास होईल असं काही करू नये हे पण उपविधीत (सोसायटीच्या नियमावलीत) आहेच. पण दंड कमिटीने परस्पर नोटीस लावून ठरवायचा नसतो, तो जनरल बॉडीत मंजूर व्हावा लागतो आणि ज्याला दंड लावायचा त्याला आधी नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. आमच्याकडे असा ठराव कधी झाला हे विचारलं तर सेक्रेटरी काका म्हणाले, मिनिट्स बघावी लागतील. अजून बघतायत.

आणि ओनरने केलं तर चालतं, भाडेकरूने केलं तर नाही, याला काय आधार? ऑईल काय अॅग्रीमेंट बघून सांडतं का? सोसायटी आमच्या घरमालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून) घेते, नियमाप्रमाणे सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्क्यांपर्यंत घेता येतात, घेऊ दे. पोलीस व्हेरिफिकेशन दिलं, अॅग्रीमेंटची कॉपी दिली, गाडीचा स्टिकर लावला. एवढं करून पण पाना हातात घेतला की आम्ही बाहेरचे. मला राग याच गोष्टीचा येतो, चेन कुठे साफ करायची त्याचा नाही.

भाडेकरूला मीटिंगमध्ये मत नसतं, म्हणून मार्ग घरमालकाकडूनच जातो. मी आमच्या मालकांना सरळ फोन केला, ते बदलापूरला असतात, भले माणूस आहेत, म्हणाले तू लिहून पाठव, मी सही करून देतो. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, त्यामुळे पत्र जुलै-ऑगस्टमध्येच सेक्रेटरीला देऊन पोच घ्या, अजेंड्यावर घ्या म्हणून लिहा. मी पत्रात असं मागितलंय की हवा, प्लग, बल्ब, केबल, बॅटरी, चेनला ऑईल ही कामं रविवारी सकाळी ठरलेल्या वेळेत, आपल्याच जागेत, खाली ट्रे किंवा पुठ्ठा ठेवून करायला सगळ्यांना परवानगी द्यावी, आणि इंजिन ऑईल काढणं, पेट्रोलची टाकी उघडणं, वेल्डिंग, ग्राइंडर, पेंटिंग हे सगळ्यांनाच बंद करावं, ओनर असो की भाडेकरू. डाग पाडला तर साफ करायचा खर्च ज्याने पाडला त्याने द्यायचा. मला तर वाटतं यावर कोणाला हरकत असू नये.

तोपर्यंत मी गॅरेजवर जातेय आणि खरं सांगायचं तर तिथे बरं पण वाटतं. रविवारी तीन-चार जण तरी माझ्यासारखेच असतात. एक ऐरोलीचा कॉलेजचा मुलगा जुनी यामाहा घेऊन येतो, कार्ब्युरेटर साफ करताना त्याचे जेट वहीत आकृती काढून ठेवतो. एक रिक्षावाले काका क्लच केबल स्वतः घालतात. सगळ्यांची तक्रार एकच, घराखाली करू देत नाहीत.

आता अर्धा मार्क का कापला. एक तर बाथरूम नाही, बायकांना अडचण होते, समोरच्या घरातल्या मावशी दार उघडतात पण दर वेळी त्यांना सांगायचं जीवावर येतं. पाऊस तिरका आला की शेडमध्ये पाणी येतं. टॉर्क रेंच (बोल्ट किती घट्ट झाला ते मोजणारा पाना) नाही, सगळं हाताच्या अंदाजावर. आणि २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्यांचं फ्युएल इंजेक्शनचं काही असेल, मीटरवर इंजिनचा लाईट लागून राहिला असेल तर इथे स्कॅनर नाही, दादा स्वतःच सांगतात की सर्व्हिस सेंटरला जा, उगाच वायरी उघडत नाहीत. गाडी वॉरंटीत असेल तर पण आधी विचार करा, कंपनीच्या सर्व्हिसच्या नोंदी नसतील तर क्लेमला अडचण येऊ शकते.

रविवारी सकाळी नऊच्या आत पोचा, दहानंतर कडेची जागा मिळत नाही आणि दुपारी दोनला शटर पडतं. इतर दिवशी संध्याकाळी सातनंतर पण बसू देतात, पण लाईट एकच आहे, तेव्हा फक्त हवा, चेन एवढंच करा. युपीआय चालतं. फडकी घरून न्या, तिथली काळी झालेली असतात, आणि ऑईल आणणार असाल तर रिकामी बाटली परत न्या, दादांकडे आधीच ढीग साचलाय.