इतिहास-भूगोलाचा शिक्षक व्हायचंय: बीए करून बीएड की थेट चार वर्षांचा कोर्स?

बारावीनंतर सामाजिक शास्त्रांचा (इतिहास-भूगोलाचा) हायस्कूल शिक्षक व्हायचं तर आता दोन रस्ते आहेत. पहिला जुनाच, तीन वर्षं बीए आणि मग सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन दोन वर्षांचं बीएड, म्हणजे पाच वर्षं (२०१५ पासून बीएड दोन वर्षांचं झालंय), ओपनला ग्रॅज्युएशनला ५० टक्के लागतात. दुसरा आयटेप (ITEP, एकात्मिक शिक्षक शिक्षण कोर्स), चार वर्षांत बीए-बीएड एकत्र, २०२३ ला सुरू झाला, त्याची एनसीईटी ही प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येते. एक वर्ष वाचतं हे खरंय, पण कॉलेजं अजून मोजकीच आहेत आणि अठराव्या वर्षीच ठरवावं लागतं की आपल्याला शिकवायचंच आहे. ज्याचं पक्कं आहे त्याने बिनधास्त आयटेप घ्यावा, बाकीच्यांनी बीए नीट करावं, मग ठरवावं.

बीएडमध्ये खरी कमाई म्हणजे शाळेतली २० आठवड्यांची इंटर्नशिप, पाठ टाचण (तासाला काय, कसं शिकवायचं त्याचं लेखी नियोजन) काढून वर्गात उभं राहिल्याशिवाय नववीचं पोरगं काय विचारेल ते कळतच नाही. आणि भूगोल टाळू नका हो, आपल्या राज्य बोर्डाच्या दहावीला इतिहास-राज्यशास्त्र ४० आणि भूगोलही ४० मार्कांचा, शाळेत बऱ्याचदा दोन्ही एकाच्याच गळ्यात पडतात, नकाशा वाचता येत नसेल तर पंचाईत.

पुढे नोकरीसाठी मात्र दोघांची रांग एकच, पवित्र पोर्टलसाठी (राज्यातली शिक्षक भरती यावरूनच होते) २०० मार्कांची टेट (TAIT, शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी), आणि सहावी ते आठवीवर जायचं असेल तर टीईटीचा (TET, ही वेगळी शिक्षक पात्रता परीक्षा) दुसरा पेपर पण पास लागतो.