लोआर, गारोन कालवा की बर्गंडी? फ्रान्समध्ये गाड्यांपासून दूर सायकल चालवायची असेल तर

पुण्याच्या एका मैत्रिणीनं परवा फोनवर विचारलं, "मे महिन्यात फ्रान्सला जातोय, त्यातले चार-पाच दिवस सायकलवर घालवायचेत. लोआरलाच जावं ना?" बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव लोआरचंच येतं, आणि ते काही उगाच नाही. पण तिचा पुढचा प्रश्न होता, "मुलगी नऊ वर्षांची आहे, तिथे गाड्या नसतात ना?" या दुसऱ्या प्रश्नानं माझं उत्तर बदललं. फोनवर घाईघाईत जे सांगितलं, ते इथे नीट लिहिते. या तिन्ही ठिकाणी आम्ही वेगवेगळ्या वर्षी आमच्या मुलीला घेऊन सायकल चालवली आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. फ्रान्समध्ये सायकलचा मार्ग म्हणून जी हिरवी पाटी दिसते, तिच्यामागे दोन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे 'व्हुआ व्हेर्त', हिरवी वाट. तिच्यावर मोटारींना कायद्यानंच बंदी असते. सायकली, पायी चालणारे, स्केटिंगवाले आणि काही ठिकाणी घोडे, एवढेच तिथे जाऊ शकतात. 2004 पासून तिथल्या वाहतूक नियमांत ही व्याख्या आहे. दुसरा प्रकार 'व्हेलोरूत'. हा फक्त पाट्या लावून आखून दिलेला मार्ग. थोडा वेळ तो हिरव्या वाटेनं जातो, मग गावातल्या साध्या रस्त्यावर येतो, पुन्हा नदीकाठी उतरतो. माहितीपत्रकात दोन्हींचे फोटो सारखेच सुंदर असतात. हा फरक कळला की अर्धा निर्णय झाला.

लोआरचा मार्ग दुसऱ्या प्रकारचा आहे. नेव्हेरजवळून अटलांटिकपर्यंत सुमारे 900 किलोमीटर, जवळजवळ सगळा सपाट. बराचसा भाग नदीच्या बंधाऱ्यावरून किंवा द्राक्षमळ्यांमधल्या अरुंद रस्त्यांवरून जातो. गाड्या कमी असतात, पण असतात. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडावं असा नियम आहे आणि बहुतेक चालक तो पाळतात. कर्वे रोडवर सायकल चालवलेल्या माणसाला तर हे अगदीच निवांत वाटेल. लहान मूल सोबत असलं की मात्र त्याच रस्त्याकडे बघायची नजर बदलते. तूर शहराच्या पुढे एका बंधाऱ्यावर मागून ट्रॅक्टर आला. रस्त्याला बाजूची पट्टी नव्हती, म्हणून आम्ही तिघं सायकली घेऊन गवतात उतरलो. ट्रॅक्टरवाला हात करून हळूच निघून गेला, झालं काहीच नाही. पण त्या दिवशी मी आजूबाजूला फार कमी पाहिलं. माझे कान सगळा वेळ मागे लागलेले होते.

तरीही किल्ले आणि राजवाडे पाहायची मनापासून हौस असेल, तर लोआरला तोड नाही. ब्लुआहून शाँबोरच्या राजवाड्याला सायकलनं जाता येतं. तिथल्या जंगलाला 32 किलोमीटर लांबीची भिंत आहे. तिच्या आत शिरल्यावर झाडांमधून एकदम ती धुराड्यांची आणि मनोऱ्यांची गर्दी समोर येते. शाँबोरचं काम 1519 मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी, याच नदीकाठी आंब्वाझला लिओनार्दो दा विंचीनं डोळे मिटले. पुढे व्हिलांद्रीच्या बागा आहेत आणि सोम्यूरच्या बाजूला पांढऱ्या मऊ दगडात खोदलेली घरं. फक्त एक हिशेब आधीच करून ठेवा. एक राजवाडा नीट पाहायचा म्हणजे तिकीट काढून दोन-तीन तास सहज जातात, त्यामुळे दिवसाला तीस किलोमीटरच्या वरचं ठरवू नका. आणि नदी समुद्राकडे उतरते म्हणून पश्चिमेकडे जाणं सोपं पडेल असं वाटतं, पण वारा बहुतेक वेळा समुद्राकडूनच येतो.

गारोनचा कालवा याच्या अगदी उलट. तुलूझपासून निघणारा हा 193 किलोमीटरचा कालवा 1856 मध्ये पूर्ण झाला. नेमकी त्याच सुमारास शेजारून आगगाडी आली आणि मालवाहतूक तिकडे वळली. एकेकाळी घोडे नावा ओढत चालायचे तो काठ आता डांबरी सायकलवाट आहे. दिवसचे दिवस मोटार आडवी येत नाही. चढही जवळपास नाही. दर काही किलोमीटरवर पाणी अडवायचे दरवाजे येतात, एकूण 53, आणि तिथे जी छोटीशी चढण असते तेवढाच काय तो चढ. दरवाजाशेजारी राखणदाराचं जुनं घर असतं आणि त्यावर पुढचा दरवाजा किती मीटरवर आहे याची पाटी. आमच्या मुलीनं त्या पाट्या वाचत वाचत फ्रेंच आकडे पाठ केले.

आजँला हा कालवा 539 मीटर लांबीच्या दगडी पुलावरून गारोन नदी ओलांडतो. पुलाला 23 कमानी आहेत. खाली नदी, वर कालव्याचं पाणी, त्यात संथ चाललेली एखादी बोट आणि काठानं तुम्ही सायकलवर. आम्ही तिथे अर्धा तास नुसते उभे होतो. म्वासाकला बाराव्या शतकाच्या उंबरठ्यावर बांधलेला मठाचा चौक आहे, खांबाखांबावर कोरीव काम. त्याला खेटूनच रेल्वेचा रूळ जातो.

या वाटेच्या दोन उणिवा मात्र सांगायलाच हव्यात. पहिली, मुळं. काठावरची प्लेनची (चिनारच्या कुळातली) जुनी झाडं सावली देतात, पण त्यांची मुळं डांबर खालून उचलतात. उन्हाची तिरीप आणि सावली यांच्या चट्ट्यापट्ट्यांत तो उंचवटा दिसत नाही, चाक आपटल्यावरच कळतो. भाड्याची सायकल घेताना बारीक टायरची घेऊ नका. दुसरी उणीव म्हणजे सरळपणा. पहिल्या दिवशी जे पाहून डोळे निवतात, तेच तिसऱ्या दिवशी पुन्हा समोर असतं. मोठ्यांना त्यात ध्यान लागल्यासारखं वाटू शकतं. मुलं विचारतात, "वळण कधी येणार?"

इथे अनेकांची एक गफलत होते. तुलूझच्या पुढे भूमध्य समुद्राकडे जातो तो मिदीचा कालवा. प्येर-पॉल रिके यानं 1666 ते 1681 या काळातल्या कामातून घडवलेला आणि 1996 पासून जागतिक वारसा असलेला. नाव त्याचं मोठं, म्हणून लोक तोच निवडतात. पण तुलूझपासून पहिले सुमारे पन्नास किलोमीटर गुळगुळीत आहेत, त्यानंतर बराच भाग मातीचा, मुळांचा आणि पावसात चिखलाचा. शिवाय प्लेनच्या झाडांना लागलेल्या रोगामुळे 2006 नंतर हजारो झाडं तोडावी लागली, तेव्हा फोटोतली सावली सगळीकडे मिळेल असं नाही. मुलांना घेऊन जाणार असाल तर तुलूझच्या पश्चिमेलाच राहा.

आता बर्गंडी. माझं मन इथे अडकलंय हे आधीच कबूल करते. जिव्री ते क्लुनी ही 44 किलोमीटरची वाट 1997 मध्ये सुरू झाली, फ्रान्समधली पहिली व्हुआ व्हेर्त. ती एका बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर आहे, आणि त्यातच सगळं आलं. जुन्या आगगाडीला तीव्र चढ झेपत नसे, म्हणून रूळ टाकणाऱ्यांनी टेकड्यांना वळसे घातले. त्याचा फायदा आज आपल्या गुडघ्यांना होतो. वाट वळत राहते. एका बाजूला द्राक्षमळे, दुसरीकडे पांढऱ्या गाई, मग एखादं जुनं स्टेशन, तिथे बाक आणि पाण्याचा नळ. ब्युसी, कोर्मातां, क्लुनी अशी गावं थोड्या थोड्या अंतरानं येतात, त्यामुळे मुलांना पुढचं ठिकाण सतत डोळ्यांसमोर असतं. कोर्मातांजवळ टेकडीवर तेझे आहे. 1940 मध्ये सुरू झालेल्या तिथल्या प्रार्थना-समुदायाकडे उन्हाळ्यात जगभरातली तरुण मुलं येतात.

क्लुनीचा मठ 910 सालचा. रोमचं सेंट पीटर्स बांधून होईपर्यंत ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं चर्च इथे होतं. क्रांतीनंतर ते विकलं गेलं आणि दगडांच्या खाणीसारखं फोडलं गेलं. आता उरलेला तुकडा पाहिला तरी मान मागे टाकावी लागते.

क्लुनीहून माकोंकडे जाताना ब्वा क्लेरचा बोगदा लागतो, दीड किलोमीटरहून लांब. बाहेर कडक ऊन होतं आणि आत शिरताच अंगावर काटा आला. दिवे आहेत, पण अंधुक. भिंतींवरून पाणी ठिबकतं आणि सायकलच्या साखळीचा आवाज घुमून परत येतो. मुलीनं आत जोरात आपलं नाव घेऊन पाहिलं. स्वेटर पिशवीत तळाशी ठेवू नका, हाताशी ठेवा. हिवाळ्यात वटवाघळांच्या झोपेसाठी बोगदा बंद असतो, तेव्हा वरच्या खिंडीचा चढ चढावा लागतो.

बर्गंडीची मर्यादा लांबीची. दोन्ही टोकांना पुढे वाढवलेली वाट धरली तरी शालों ते माकों जेमतेम सत्तर किलोमीटर. रोज साठ-सत्तर किलोमीटर मारणाऱ्याला हे एका दिवसाचं काम, त्यानं गारोन गाठावी. वाट जिथे जिथे रस्ता ओलांडते तिथे आडवे कठडे आहेत. मोटारी त्यामुळेच आत येत नाहीत, पण मागे मुलांची गाडी जोडलेली असेल तर प्रत्येक वेळी उतरून वळवावं लागतं.

परतीचा विचार आधी करून ठेवा. गारोनला रेल्वे सोबतच चालते, त्यामुळे थकलात तर आजँ, म्वासाक, मार्माँद अशा कुठल्याही स्टेशनवर गाडी पकडता येते. लोआरलाही रेल्वे जवळ आहे आणि एका गावी सायकल घेऊन दुसऱ्या गावी सोडायची सोय सर्रास मिळते. बर्गंडीत मधल्या गावांतला रूळच निघालेला, त्यामुळे स्टेशनं फक्त दोन टोकांना. प्रादेशिक टीईआर गाड्यांत सायकल बहुतेक ठिकाणी फुकट नेता येते, पण उन्हाळ्यात काही मार्गांवर जागा आधी राखावी लागते. टीजीव्ही या वेगवान गाडीत तर राखावीच लागते.

राहण्यासाठी 'आक्यय व्हेलो' ही पाटी शोधा. मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत, सायकल कुलपात ठेवायची जागा आणि दुरुस्तीची हत्यारं हे त्यात धरलेलं असतं. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे. जेवण बारा ते दोनमध्येच उरका, नंतर स्वयंपाकघरं बंद होतात. शाकाहारी असाल तर सकाळी बेकरीतून पाव आणि चीज घेऊन निघालेलं बरं, खेड्यात ऐनवेळी ऑम्लेटशिवाय फारसं काही हाती लागत नाही. पाणी संपलं तर गावाबाहेरच्या दफनभूमीत नळ असतो. तिथले सायकलवालेही तिथेच बाटल्या भरतात. फक्त 'ओ नाँ पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नका.

मैत्रिणीला मी बर्गंडीच सांगितली. क्लुनीत तीन रात्री राहायचं, एक दिवस उत्तरेला कोर्मातांपर्यंत जाऊन यायचं, एक दिवस दक्षिणेला बोगद्यातून, आणि उरलेल्या वेळात मठ. नवरा-बायको दोघंच असते आणि हाताशी आठवडा असता, तर तुलूझहून बोर्दोच्या दिशेनं गारोन सांगितली असती. तिच्या सासऱ्यांना राजवाडे पाहायचेत, त्यांना ब्लुआला विजेच्या सायकलवर बसवावं. मुलीच्या मापाची सायकल मात्र आजच इमेल करून राखून ठेव म्हटलं, सोबत तिची उंची सेंटीमीटरमध्ये लिहून. लहान मापाच्या सायकली दुकानात दोन-तीनच असतात आणि मेमधल्या सुट्ट्यांत त्या सगळ्यात आधी जातात.